विजयाचं तेल सुरू केलंय? घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी या चुका टाळा

टोंगळे धरले, रात्रभर डोळा लागत नाही, म्हणून वैद्य कधीकधी विजयाचं तेल किंवा गोळी लिहून देतात. विजया म्हणजे भांगच. औषध लागू पडलं की नाही, हे नुसतं "बरं वाटते का?" विचारून कळत नाही. बाजेवरून उठणं, स्वतःची अंघोळ, देवळापर्यंत जाऊन येणं, पगाराचे पैसे मोजून घेणं सोपं झालं का, ते बघा. दुखणं थांबलं पण बाबा दिवसभर गुंगीत पडून, तर वैद्यांना मात्रा पुन्हा बघायला सांगा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो घाईने घेतलेल्या दुसऱ्या मात्रेचा. पोटातून घेतलेल्या विजयाचा असर जाणवायला अर्ध्या तासापासून दोन तासही लागतात. "काहीच फरक नाही" म्हणून मधेच आणखी थेंब घेतले, की दोन्ही मात्रा एकदम चढतात. उतारवयात औषध शरीरातून उतरायलाही वेळ लागतो, रात्रीची गुंगी सकाळी रेंगाळते. अशा सकाळी वावरात मोटर सुरू करायला, विहिरीवर किंवा गाडी घेऊन पाठवू नका. थेंब घरातल्या कुणीतरी मोजून द्यावेत आणि वेळ कॅलेंडरवर लिहावी.

"आयुर्वेदिक आहे, डॉक्टरला काय सांगायचं?" सांगायचंच. बीपीची गोळी चालू असेल तर उठताना रक्तदाब आणखी उतरून डोळ्यांपुढे अंधारी येते. मे महिन्यात चंद्रपूर, अकोल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो. घाम गेलेल्या अंगाला हे जास्तच जाणवतं. रात्री लघवीला उठताना आधी बाजेच्या काठावर थोडं बसावं, हाताशी टॉर्च असावा. झोपेच्या गोळीने आणि मोहाच्या दारूने गुंगी वाढते. रक्त पातळ करायची वॉर्फरिन चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.

परसातला गांजा हा याला स्वस्त पर्याय नाही. त्याची ताकद मोजता येत नाही, आणि १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानुसार लागवड हा गुन्हा आहे.

बोलणं अचानक भरकटलं, छातीत धडधड सुरू झाली किंवा तोल जाऊ लागला, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. पुढची मात्रा थांबवा, बाटली आणि चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका आणि सरळ दवाखाना गाठा.