हार्डडिस्क दिसत नाही? आधी ‘फॉरमॅट’वरचा हात काढा

लग्नसराईत दर आठ-पंधरा दिवसांनी कुणीतरी फोटोग्राफर पोर्टेबल हार्डडिस्क रुमालात गुंडाळून माझ्या टेबलाशी येतो. "दादा, दिसतच नाहीये." मी विचारतो, दिसत नाही म्हणजे नेमकं काय होतं? दिवा लागतो का? तळहातावर धरली तर आत काही फिरतंय असं जाणवतं का? जोडल्यावर विंडोजचा तो ‘टुडुंग’ आवाज येतो का? डिस्क कॉम्प्युटरपर्यंत पोचतच नाही, हा एक आजार. पोचते पण उघडत नाही, हा दुसरा. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की फोटो जातात.

सगळ्यात महागात पडणारी चूक आधी सांगतो. डिस्क जोडली की खिडकी उघडते: वापरायची असेल तर ही डिस्क फॉरमॅट करा. घाईत माणूस ‘फॉरमॅट डिस्क’ दाबून मोकळा होतो. त्या मेसेजचा खरा अर्थ एवढाच, की विंडोजला इथली फाइल सिस्टीम, म्हणजे कुठली फाइल कुठे ठेवलीय याची मांडणी, वाचता येत नाही. फाइली आत शाबूत असू शकतात. निमूटपणे ‘कॅन्सल’ करा. डिस्क मॅनेजमेंटने (जोडलेल्या सगळ्या डिस्क दाखवणारी विंडोजची खिडकी) ‘इनिशियलाइज’, म्हणजे डिस्क नव्याने तयार, करू का म्हणून विचारलं, तरी डिस्क नवी कोरी नसेल तर नाहीच म्हणायचं. तिथे डिस्कपुढे ‘रॉ’ असं दिसलं की फोटोग्राफर मंडळी हमखास खूश होतात, "माझ्या रॉ फाइली आहेत ना!" नाही हो. या ‘रॉ’चा कॅमेऱ्याशी काही संबंध नाही. फाइल सिस्टीम ओळखता आली नाही, एवढंच ते सांगतं. आणि डिस्क मॅकच्या फाइल सिस्टीमने फॉरमॅट केलेली असेल तर बिघाड बहुधा काहीच नसतो. विंडोजला ती मुळातच वाचता येत नाही, मॅकला जोडून बघा.

तो ‘टुडुंग’ आवाजच येत नसेल तर संशय केबलवर घ्या. बऱ्याच पोर्टेबल डिस्कना ती रुंद, चपटी, मधे खाच असलेली पिन असते. बॅगेत वाकून वाकून ती सैल होते. टाइप-सी केबलींत वेगळीच गंमत: काही नुसत्या चार्जिंगच्या असतात, डेटाच्या तारा आत नसतातच. दिवा लागतो, म्हणून केबल चांगली असं आपण धरून चालतो आणि तासभर सेटिंग खरवडत बसतो.

केबलनंतर पोर्ट. युएसबी 2.0 पोर्टने 500 मिलिअँपिअर द्यावेत असं ठरलेलं आहे, 3.0 ने 900. फिरणाऱ्या डिस्कला सुरू होताना जास्त करंट लागतो. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला किंवा अडॅप्टर नसलेल्या हबला जोडली तर ती उठते, पडते, पुन्हा उठते. मागे, थेट मदरबोर्डच्या पोर्टला आखूड केबलने लावून बघा.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेल्या यंत्रांच्या विंडोजमधल्या यादीत, डिस्कपुढे पिवळं चिन्ह आणि ‘कोड 43’ (यंत्राने बिघाड कळवला, म्हणून विंडोजने ते थांबवलं) असेल, तर त्या नोंदीवर राइट क्लिक करून ‘अनइन्स्टॉल’ करा, डिस्क काढा आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. शटडाउन नको. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनने विंडोज पुरतं बंद होत नाही, रीस्टार्टने होतं. ‘सगळे ड्रायव्हर अपडेट करून देतो’ म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअरं उतरवू नका. साध्या हार्डडिस्कचा ड्रायव्हर, म्हणजे यंत्र चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, विंडोजमध्येच असतो. प्रिंटर-स्कॅनरचा हवाच असेल तर ज्या कंपनीचं यंत्र, तिच्याच साइटवरून घ्या.

‘टुडुंग’ येतो, पण ‘धिस पीसी’त काही नाही? विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाबून येणाऱ्या यादीतून डिस्क मॅनेजमेंट उघडा. डिस्क तिथे ‘हेल्दी’ आहे पण नावापुढे डी, ई असं अक्षरच नाही, असं पुष्कळदा निघतं. ऑफिसात तर डिस्कला मिळायचं तेच अक्षर नेटवर्क ड्राइव्हने (नेटवर्कवरून जोडलेल्या सामायिक फोल्डरने) अडवलेलं असतं. राइट क्लिक करून दुसरं अक्षर द्या, काम झालं.

आता डिस्कच्या आतून येणाऱ्या टक-टक आवाजाचं. पोर्ट आणि केबल बदलूनही तो थांबला नाही, तर डिस्क तत्क्षणी काढा. माझी स्वतःची एक डिस्क अशी टकटकत होती, आणि मी शहाण्यासारखा तिच्यावर चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणारा विंडोजचा प्रोग्रॅम) लावून जेवायला गेलो. चेकडिस्कला दुरुस्तीला लावलं की तो डिस्कवर लिहितो, आणि मरणाऱ्या डिस्कला ती धावपळ झेपत नाही. जेवून आलो तेव्हा टकटकही बंद झाली होती. चार वर्षांचे फोटो होते. अशी डिस्क फ्रीझरमध्ये ठेवू नका, घरी उघडू नका, डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

डिस्क न टकटकता नुसती ‘रॉ’ झाली असेल तर रिकव्हरीचं सॉफ्टवेअर घरी चालवता येतं. फक्त निघालेल्या फाइली त्याच डिस्कवर सेव्ह करू नका. तेवढीच मोठी दुसरी डिस्क आधी विकत आणा, मगच ‘स्कॅन’ दाबा.