आजीच्या डब्यात छोटं सोन्याचं नाणं सापडलं तर आधी काय करायचं

गोव्यात जुन्या घरात कुठल्यातरी पितळी डब्यात नखाएवढं सोन्याचं नाणं निघतं आणि घरचे लगेच चिंच नाहीतर रिठा लावून घासायला घेतात. प्लीज नका करू. अक्षरंच गेली तर ओळखायचं कशावरून? साध्या पाण्यात बुडवा आणि मऊ कपड्याने टिपा, बास.

मग वजन. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा लागतो. ३.५ ग्रॅमच्या आसपास आलं तर व्हेनिसचं ड्युकाट असू शकतं, किंवा पोर्तुगालच्या पाचव्या अफोंसोने १४५७ मध्ये सुरू केलेला क्रुझादो, किंवा पाचव्या जुआंवचा १७२२ नंतरचा एस्कुदो, म्हणजे नुसत्या वजनावर निकाल लागत नाही. फक्त १ ग्रॅमच्या आसपास असेल तर पोर्तुगालचं ४०० रैसचं बघा, २.१ असेल तर इंग्लंडच्या पहिल्या जॉर्जचा १७१८ चा पाव गिनी. आणि हो, माळेत ओवायला कडी लावलेली असेल तर तिचं वजन धरून चालताय हे विसरू नका.

सोनं खरं का हे घरीच कळतं. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून शून्य करा, नाणं दोऱ्याने पूर्ण पाण्यात सोडा पण तळाला टेकू देऊ नका. ३.५ ग्रॅमचं नाणं असेल तर काटा ०.१८ ते ०.२० दाखवेल, पितळ असेल तर ०.४ च्या वर जाईल.

नंतर चित्र. ढालीत पाच छोट्या ढाली आणि प्रत्येकीत पाच ठिपके, तर पोर्तुगाल. संतापुढे गुडघ्यावर बसलेला माणूस, तर व्हेनिस. तिथे राजा नव्हता, डोज म्हणजे निवडलेला प्रमुख असायचा, तोच हा माणूस, पण आपल्या पुतळीमाळेतली पुतळी मूळची हीच, आणि आपल्याकडच्या सोनारांनी तिच्या भरपूर नकला केल्यात, त्यांच्यावरची अक्षरं नुसत्या रेघोट्या असतात, वाचायला गेलं तर लागतच नाहीत.

शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, परदेशातल्या भावाला भेट म्हणून पाठवू नका.

आमच्या माईच्या माळेतली एक पुतळी मी कडी सांधायला नेली होती, तर सोनार म्हणाला झिजलीय, वितळवून नवीन करून देतो. मी तशीच परत आणली. रात्री मोबाईलचा टॉर्च बाजूने तिरपा धरला तेव्हा सपाट वाटणाऱ्या सोन्यात तो गुडघ्यावर बसलेला माणूस दिसला, हातात धरलेली झेंड्याची काठीसुद्धा.