ट्रेडमार्कवरची कलम 11ची हरकत अशी सोडवली

मसाल्यांच्या ब्रँडचा ट्रेडमार्क नोंदणीचा अर्ज वर्ग 30मध्ये (मालाच्या ठरलेल्या गटांपैकी एक) होता. परीक्षण अहवालात ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 11ची हरकत आली: मिळतंजुळतं नाव आधीच नोंदलेलं आहे. ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या पोर्टलवर 'ऑब्जेक्टेड' (हरकत घेतली) दिसलं म्हणजे अर्ज फेटाळला असं नव्हे. मात्र अहवाल मिळाल्यापासून 30 दिवसांत उत्तर जायला हवं.

अहवालातला प्रत्येक ट्रेडमार्क पोर्टलवर उघडून पाहिला: माल कोणता, नोंदणी चालू आहे का. वर्ग 30मध्ये चहा, बिस्किटं, मसाले सगळं एकत्र येतं. समोरचा ट्रेडमार्क फक्त बिस्किटांचा निघाला. मग अर्जातल्या दुरुस्तीसाठीचा टीएम-एम फॉर्म भरून (ऑनलाइन शुल्क 900 रुपये) आपल्या मालाच्या यादीतून बिस्किटं काढली, मसाले ठेवले. उत्तरासोबत वापराचं प्रतिज्ञापत्र, तारखेची जुनी बिलं, पाकिटांचे फोटो. अर्जात 'पुढे वापरणार' लिहिलं असेल तर ही बिलं फारशी उपयोगी पडत नाहीत.

एजंटांची न्यायनिवाड्यांनी फुगवलेली छापील उत्तरं टाळा; समोरच्या ट्रेडमार्कचा त्यात उल्लेखही नसतो.

उत्तर मान्य झालं की ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्धी, मग इतरांना विरोधासाठी 4 महिने. नोंदणी होईपर्यंत पाकिटावर 'टीएम' चालेल. नोंदणीआधी वर्तुळातला 'आर' (नोंदणी झाल्याची खूण) छापणं गुन्हा आहे.