मधुमेह असेल तर हृदय आणि रक्तवाहिन्यांची तपासणी कशी करून घ्यावी

नागपुरात घरात कुणाला मधुमेह निघाला की पहिला सल्ला येतो, 'दवाखान्यांच्या धंतोलीत जा, स्ट्रेस टेस्ट आणि टू-डी इको करून घ्या.' पहिली म्हणजे पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी, दुसरी म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. कसलीच तक्रार नसेल तर बहुतेकांना एवढ्या मोठ्या तपासण्यांची गरज नसते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या डायड अभ्यासात टाइप २ मधुमेहाचे, हृदयाची कुठलीही तक्रार नसलेले ११२३ जण होते. निम्म्यांच्या हृदयाचं न्यूक्लिअर स्कॅन केलं, निम्म्यांचं केलं नाही. पावणेपाच वर्षांनंतर हार्ट अटॅक आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू यांत दोन्ही गटांत ठळक फरक नव्हता. फरक पडतो तो बीपी, रक्तातली चरबी, लघवी आणि पाय नीट तपासून वेळेवर औषध सुरू करण्याने. पण घाईत उरकल्या जातात त्या नेमक्या याच तपासण्या.

आधी तक्रार खरंच नाही ना, हे खोदून विचारा. जुन्या मधुमेहात हृदयाकडून वेदना पोहोचवणाऱ्या नसा मंदावतात, त्यामुळे छातीत न दुखताही अटॅक येऊ शकतो. पूर्वी एका दमात चढायचा तो जिना आता मध्येच थांबून चढावा लागतो का? अंबाझरी तलावाच्या फेरीत दम लागतो का, जबडा किंवा डावा हात भरून येतो का? जळजळ चालताना सुरू होऊन थांबल्यावर जाते का? तिखट सावजी जेवणाची जळजळ पावलं मोजत येत नाही. चालण्याबरोबर येते ती 'गॅस' समजू नका. यातलं एकही उत्तर 'हो' आलं तर मोठ्या तपासण्यांचा विचार लगेच व्हायला हवा, आणि कोणती करायची ते हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील.

बीपी प्रत्येक भेटीत मोजायचा. त्याआधी अर्धा तास चहा, सिगारेट, खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) काही नको. आपल्याकडे खर्ऱ्याचं नाव घेऊन विचारावं लागतं, कारण 'तंबाखू खाता का' म्हटलं की खर्रा खाणारेही 'नाही' म्हणून जातात. निकोटीनने नाडी आणि बीपी दोन्ही चढतात. लघवीला जाऊन यावं, पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून ५ मिनिटं गप्प बसावं, हात छातीच्या पातळीला टेकवावा. पट्ट्यातली रबरी पिशवी दंडाच्या ८० टक्के घेराला वेढली पाहिजे. जाड दंडावर लहान पट्टा लावला तर बीपी उगाच जास्त दिसतो. पहिल्या वेळी दोन्ही हातांचा मोजा. वरच्या आकड्यात १५ पेक्षा जास्त फरक परत परत आला तर कमी आकड्याच्या हाताची रक्तवाहिनी अरुंद झालेली असू शकते. पुढे कायम जास्त आकड्याच्या हातावरच मोजायचा. बहुतेकांसाठी लक्ष्य १३०/८० च्या खाली.

मग उभं करून १ आणि ३ मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर बीपी आणि नाडी आपोआप सांभाळणाऱ्या नसांवर मधुमेहाचा परिणाम झाल्याची शंका घ्यावी, आणि अशा माणसाला छातीत न दुखण्याचा धोका जास्त. मात्र मे महिन्यात, पारा ४५ च्या आसपास असताना, अंगातलं पाणी कमी झाल्यानेही बीपी असाच उतरतो आणि किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिनही वाढलेलं दिसतं. पाणी नीट पिऊन दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजा. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

लघवीची 'रुटीन' तपासणी इथे पुरत नाही, सुरुवातीचं थोडं प्रथिन तिच्यात दिसत नाही. चिठ्ठीवर अल्ब्युमिन (म्हणजे हेच प्रथिन)-क्रिएटिनिन रेशो लिहून घ्या आणि सकाळची पहिली लघवी द्या. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅम किंवा जास्त आलं तर किडनीच्या बारीक वाहिन्या गळू लागल्या असाव्यात, आणि अशा माणसाला हृदयविकाराचाही धोका वाढलेला असतो. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, पाळी, आदल्या दिवशीचा जोराचा व्यायाम किंवा खूप चढलेली साखर यानेही आकडा वाढतो. म्हणून ३ ते ६ महिन्यांत तीनपैकी दोन नमुने वाढलेले आले तरच पक्कं धरतात. टाइप २ मध्ये निदान होताच आणि मग दरवर्षी. सोबत रक्तातलं क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनीचा गाळण्याचा वेग.

चरबीच्या तपासणीला उपाशी राहायची सहसा गरज नाही. ट्रायग्लिसराइड हा चरबीचा प्रकार ४०० च्या वर आला तर उपाशीपोटी पुन्हा करा. एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल; त्याचं लक्ष्य चाळिशीनंतर धोका जास्त असेल तर ७० च्या खाली, हृदयविकार झालेला असेल तर ५५ च्या खाली. ईसीजी काढून जपून ठेवा, पुढे तुलनेला लागतो; तो नॉर्मल आला म्हणजे ब्लॉक नाही असं मात्र नाही. हृदयाची पंप करण्याची ताकद कमी होते आहे का, हे एनटी-प्रोबीएनपी या रक्ततपासणीतून आधी कळू शकतं: १२५ किंवा जास्त आलं तर टू-डी इको करावा. लठ्ठ माणसात हा आकडा कमी दिसतो, किडनी बिघडली असेल तर जास्त.

आता पाय. जोडे-मोजे काढल्याशिवाय तपासणी पुरी झाली असं मानू नका. पायाचा अंगठा वर उचलला की पावलावर जो दोरीसारखा स्नायूबंध ताठ होतो त्याच्या बाहेरच्या बाजूला एक नाडी, आणि आतल्या घोट्याच्या मागे दुसरी. तीन बोटं हलकेच ठेवा. जोरात दाबलं की नाडीच बंद होते, आणि हाताच्या अंगठ्याने पाहिलं तर आपलीच नाडी लागते. पावलावरची नाडी काही निरोगी माणसांतही लागत नाही, घोट्यामागची लागली नाही तर ते गंभीर धरावं.

वय पन्नाशीपुढे असेल आणि डोळा, किडनी किंवा पायाच्या नसांचा त्रास सुरू झाला असेल, पायाची जखम भरत नसेल किंवा चालताना पोटऱ्या दुखून थांबल्यावर राहत असतील, तर घोटा-दंड निर्देशांक मोजून घ्या. त्याला एबीआय म्हणतात. रुग्णाला ५ ते १० मिनिटं उताणं झोपवायचं, खोली फार गार नको. पट्टा घोट्याच्या हाडाच्या २ सेंटीमीटर वर बांधायचा. तिथे उघडी जखम असेल तर बांधू नये. इथे स्टेथोस्कोप चालत नाही, रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारा, हातात धरायचा डॉपलर लागतो. जेल लावून आवाज शोधा, आवाज बंद झाल्यावर आणखी २० ने फुगवा, मग हळूहळू सोडा आणि आवाज परत येईल तो आकडा लिहा. दोन्ही हात आणि प्रत्येक पायाच्या दोन्ही नाड्या डॉपलरनेच मोजायच्या. समजा हातांपैकी जास्त आकडा १४०, उजव्या पायाच्या नाड्या ११२ आणि ११९. मोठा घ्यायचा: ११९ भागिले १४०, म्हणजे ०.८५. ०.९० किंवा कमी म्हणजे पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आहेत. १ ते १.४० नॉर्मल.

मधुमेहात चूक होते ती १.४० च्या वर. 'पायात रक्त भरपूर आहे' असा त्याचा अर्थ नाही. रक्तवाहिनीच्या भिंतीत कॅल्शियम साचून ती इतकी कडक झाली आहे की पट्ट्याने दबतच नाही. याच कारणाने खराब वाहिनीचा आकडा खोटा नॉर्मलही येऊ शकतो. शंका असेल तर पायाच्या अंगठ्याचा दाब मोजून घ्यावा आणि त्याला हाताच्या दाबाने भागावं, तिथल्या वाहिन्या सहसा कडक होत नाहीत. ते गुणोत्तर ०.७० च्या खाली असेल तर रक्तपुरवठा कमी आहे.

एबीआय कमी आला, लघवीत प्रथिन निघालं किंवा इकोत पंप कमी दिसला, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा: स्टॅटिनचा, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीचा, डोस वाढवायचा का, आणि साखरेच्या औषधांत हृदय-किडनीला जपणारं औषध, म्हणजे एसजीएलटी-२ किंवा जीएलपी-१ गटातलं, माझ्यासाठी योग्य आहे का. अ‍ॅस्पिरिन आपल्या मनाने सुरू करू नका, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, मिहानचं एम्स किंवा खासगी दवाखाना, कुठेही जा, जुना ईसीजी आणि लघवीचे मागचे आकडे एकाच फाइलमध्ये न्या. आणि दरदरून घाम, अचानक दम, छातीवर दडपण असं झालं तर सकाळची वाट पाहू नका, स्वतः गाडी चालवत जाऊ नका, १०८ लावा.