नगरपरिषदेचा हॉल कार्यक्रमाला घेताय? या चुका टाळा

नगरपरिषदेत मालमत्तेच्या टेबलावर माझी बावीस वर्षं गेली. गाळे, भाडी, हॉल आणि हॉलची किल्ली. नाटकवाले, भजनवाले, चित्रांचं प्रदर्शन लावणारे, महोत्सवाच्या समित्या, सगळे त्या टेबलासमोर उभे राहून गेले. माणसं बदलली, चुका त्याच राहिल्या. सांगून सांगून जीभ दमली, म्हणून लिहितोय.

पहिली चूक एका वाक्याची: "साहेबांशी बोलणं झालंय." साहेब कुठे भेटले? तर लग्नात, पंगतीत. बोलणं होणं म्हणजे बुकिंग होणं नव्हे. अर्ज आवकच्या नोंदवहीत पडला, क्रमांक मिळाला, भाडं आणि अनामत भरून पावती हातात आली, की हॉल तुमचा. तोवर तो कुणाचाच नाही. हल्लीच्या पोरांचं तर उलटंच असतं. आधी व्हॉट्सॲपवर जाहिरात फिरते, पाहुण्यांचे फोटो लागतात, आणि कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी अर्ज घेऊन धावत येतात. त्या तारखेला हॉलमध्ये आरोग्य शिबिर असलं तर दोष कुणाचा? अर्थात लिपिकाचा!

तोंडी कारभार कुठवर जातो, ते मी एका दशावतारात पाहिलं. जत्रांचा हंगाम होता आणि कार्यालयासमोरच्या मैदानात प्रयोग होता. संध्याकाळी पाचला कुणाच्या तरी लक्षात आलं की रंगपटाला, म्हणजे कलाकारांनी तोंड रंगवायला, जागाच नाही. एक फोन आला आणि शिपायाने कर विभागाची खोली उघडून दिली. "दोन तासांचा तर प्रश्न आहे." मी त्या दिवशी रजेवर होतो. मंडळींनी पेटारे उघडले, टेबलं जोडली, आरसे रजिस्टरांच्या गठ्ठ्यांना टेकवले. प्रयोग झकास झाला म्हणे. सकाळी येऊन पाहतो तर खोली झाडून स्वच्छ, खुर्च्या जागेवर. मला बरंच वाटलं.

मार्चमध्ये वसुलीच्या धावपळीत घरपट्टीच्या मागणीचं रजिस्टर उघडलं. एका पानावर तोंडाच्या रंगाचा लालभडक अंगठा, रेषा मोजता येतील इतका ठसठशीत, आणि नेमका थकबाकीच्या आकड्यावर. पहिला अंक एक की सात, काही केल्या कळेना. घरमालक म्हणाला एक. तो म्हणणारच! जुनी पावतीपुस्तकं शोधायला रेकॉर्ड रूममध्ये तीन दिवस गेले, वर लेखापरीक्षकाचा शेरा आला तो वेगळाच. त्या प्रयोगात राक्षसाचं काम केलेला कलाकार पुढच्या हंगामात भेटला, त्याला विचारलं. तो बिचारा म्हणाला, "भाऊनू, आमी कशाकच हात लावूक नाय." खरंही असेल. आरसा टेकवायला त्याने ते रजिस्टर जरा सरकवलं असेल, एवढंच. रजिस्टरांनी भरलेली खोली उघडून दिली आम्ही. त्याचं काय चुकलं?

तेव्हापासून माझी पद्धत ठरली. कागद असलेली खोली रंगपटाला द्यायची नाही, वरून कुणाचाही फोन येवो. सभागृहाशेजारची मोकळी खोली द्यायची, जमिनीवर ताडपत्री, कोपऱ्यात बादली, खोबरेलाची बाटली आणि जुनी फडकी. रंग खोबरेलाने उतरतो. ते दिलं नाही तर पडद्याला पुसला जातो. आणि किल्लीला फणसाच्या लाकडाचा तळहाताएवढा ठोकळा बांधला. खिशात मावत नाही, त्यामुळे चुकून घरी जात नाही. सही घेतल्याशिवाय किल्ली नाही आणि खुर्च्या मोजल्याशिवाय अनामत परत नाही. खुर्च्या मी स्वतः मोजायचो. लोक हसायचे, हसोत.

दुसरी चूक कार्यालयाकडून होते. रिकामी खोली दिसली की एखाद्या कलामंडळाला "तात्पुरती" देऊन टाकायची. आमच्याकडे जकात गेली आणि नाक्याची खोली रिकामी पडली. नेपथ्याचे फ्लॅट, म्हणजे रंगवलेल्या चौकटी, ठेवायला ती एका मंडळाला दिली. ठराव नाही, करार नाही, भाडं नाही. अकरा वर्षांनी नगरपरिषदेला ती खोली हवी झाली, तर मंडळ म्हणतं, आम्ही हिला रंग काढला, कौलं बदलली, वीजबिल भरलं. तेही खोटं नव्हतं. कला जगवायची म्हणून आपुलकीने दिलेली जागा, आणि शेवटी दोन्हीकडचे एकमेकांना नोटिसा पाठवत बसले. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमात कलम 92 आहे, त्यावर 1983 चे नियम आहेत. तीन वर्षांपुढचा भाडेपट्टा एकट्या नगरपरिषदेच्या हातात राहत नाही. मंडळांनो, तुम्हीच मागे लागून ठराव करून घ्या, भाडं नाममात्र असलं तरी पावती घ्या. मायेने मिळालेली खोली नगराध्यक्ष बदलला की जाते.

बाकीच्या चुका झटपट सांगतो.

तारीख इंग्रजी कॅलेंडर बघून ठरवू नका. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा देवीच्या कौलाने ठरते. तिची तारीख जाहीर व्हायच्या आत एका समितीने महोत्सवाचं उद्घाटन ठेवलं आणि नेमका तोच दिवस आला. पाहुणे व्यासपीठावर, गाव आंगणेवाडीत.

रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद, हा 2000 सालचा ध्वनिप्रदूषणाचा नियम आहे. बारापर्यंतची सवलत वर्षाकाठी जास्तीत जास्त पंधरा दिवस, आणि तेही शासनाने ठरवलेले. बंद सभागृहाला सूट आहे, पण तीन बाजूंनी कनात लावलेला मांडव म्हणजे बंद सभागृह नव्हे. हा वाद माझ्याशी निदान दहा जणांनी घातला असेल. दशावताराला घड्याळ लावणं जिवावर येतं, मान्य. मग प्रयोग सातला सुरू करा आणि सत्काराच्या शाली कमी करा.

नाटकाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. ते अर्जाला जोडा, "घरी आहे" सांगू नका.

मानधनाचा चेक कुणाच्या नावाने, हे आधी विचारा. मंडळाच्या नावाने चेक निघतो आणि मंडळाचं खातंच नसतं, मग कलाकार महिनाभर लेखापालाच्या दारात. ज्याने रात्र जागवली त्याला हेलपाटे घालायला लावणं मला कधीच पटलं नाही.

साउंड सिस्टीम आणि जुनी रजिस्टरं तळमजल्यावर ठेवू नका. चिपळूणने 2005 च्या आणि 2021 च्या जुलैत काय भोगलं ते आठवा.

आणि पडदे. पावसाळ्यात हॉल चार महिने कुलूपबंद ठेवला की मखमलीला बुरशी आलीच म्हणून समजा. मी दर शनिवारी दारं उघडून पंखे लावायचो, पडदे दोन-तीनदा उघडझाप करून ठेवायचो. निवृत्त झालो त्या वर्षी शिपायाला हे सगळं लिहून दिलं. नोव्हेंबरात सहज हॉलवर गेलो तर पडद्याच्या चुण्यांत बोटभर पांढरी बुरशी, आणि किल्लीचा ठोकळा खिडकीच्या फटीत पाचरीसारखा ठोकलेला.