सतरा सेंटीमीटरचा चौकोन: छोट्या पण दमदार कॉम्प्युटरसाठी मदरबोर्ड कसा निवडावा

छोटा कॉम्प्युटर बांधायचं ठरलं की बहुतेक जण सगळ्यात आधी मदरबोर्ड शोधायला बसतात. माझा आग्रह असा, की बोर्डाचा नंबर तिसरा असू द्या. आधी कॅबिनेट, मग कूलर, त्यानंतर बोर्ड. मोठ्या कॅबिनेटमध्ये हा क्रम उलटला तरी निभावून जातं, कारण जागा हाताशी असते. दहा लिटर आकारमानाच्या कॅबिनेटमध्ये मात्र बोर्डावरचा एखादा उंच हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) किंवा भलत्याच कडेला असलेली पिनांची एक रांग सगळा बेत फिसकटवू शकते. मी व्हिडिओ एडिटिंग करते आणि टेबलाच्या कोपऱ्यात मावतील अशी मशीन स्वतःसाठी आणि सोबत काम करणाऱ्यांसाठी बांधते. बोर्ड घेताना मी काय काय पाहते, ते इथे सविस्तर मांडते आहे.

छोटा बोर्ड म्हणजे बहुतेक वेळा मिनी-आयटीएक्स: १७० मिलिमीटर लांब, १७० मिलिमीटर रुंद. व्हीआयए टेक्नॉलॉजीज या कंपनीने हा आकार २००१ साली आणला. त्या वेळी डोळ्यांसमोर होती कमी विजेवर, पंख्याशिवायही चालू शकणारी साधी मशीन. आज त्याच चौकोनावर एएमडीचा रायझन ९ ७९५०एक्स हा दमदार प्रोसेसर बसतो. त्याचा टीडीपी, म्हणजे कूलर निवडण्यासाठी कंपनी देते तो उष्णतेचा आकडा, १७० वॅट, आणि पूर्ण जोरात तो सॉकेटमधून (प्रोसेसर बसतो त्या खाचेतून) २३० वॅटपर्यंत ओढतो. नेहमीचा एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा असतो. मिनी-आयटीएक्सला त्याच्या चाळीस टक्केसुद्धा जागा मिळत नाही. पुढच्या सगळ्या तडजोडी इथूनच सुरू होतात.

ग्राफिक्ससारखी दोन कार्डं किंवा रॅमच्या चार पट्ट्या लागणारच असतील, तर मन मोकळं ठेवून २४४ बाय २४४चा मायक्रो-एटीएक्स घ्या. तेवढ्या आकाराचीही आटोपशीर कॅबिनेट मिळतात. आणि बोर्डाचं माप नावावरून धरू नका, मिलिमीटरमध्ये वाचा. आसूसचा क्रॉसहेअर ८ इम्पॅक्ट फोटोत मिनी-आयटीएक्ससारखाच दिसतो, पण तो मिनी-डीटीएक्स आहे, म्हणजे एका बाजूने २०३ मिलिमीटर. ते ३३ मिलिमीटर कितीतरी छोट्या कॅबिनेटमध्ये बसतच नाहीत.

आधी पुठ्ठा, मग बोर्ड

जाड पुठ्ठ्याचा १७ सेंटीमीटरचा चौकोन कापा. मनात असलेल्या बोर्डाचा वरून काढलेला फोटो कंपनीच्या साइटवर किंवा मॅन्युअलमध्ये असतोच. तो पाहून पुठ्ठ्यावर खुणा करा: प्रोसेसरच्या विजेचं आठ पिनांचं कनेक्टर, मुख्य २४ पिनांचं, पुढच्या यूएसबीची दोन्ही हेडर (केबल खोचायच्या पिना), पंख्यांच्या पिना, केबलने जोडायच्या ड्राइव्हचे साटा पोर्ट. आता तो चौकोन कॅबिनेटमध्ये ठेवा. कॅबिनेट हातात नसेल तर त्याच्या आराखड्यावर ठेवा. कोणती कड पॉवर सप्लायला टेकते, कोणती पुढच्या पॅनेलकडे जाते, हे लगेच कळतं.

सगळ्यात जास्त लक्ष २४ पिनांच्या आणि पुढच्या टाइप-सी हेडरच्या जागेवर द्या. या दोन्ही केबल जाड आणि ताठ असतात, कोपऱ्यात वळायला अजिबात तयार नसतात. टाइप-सीचं हेडर ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटला खेटून असेल तर कार्ड बसवल्यावर तिथे बोट पोचत नाही. वैशिष्ट्यांच्या यादीत दोन बोर्ड अगदी सारखे दिसतात, पण पुठ्ठ्यावर एक सरळ बाद होतो. मला हा टप्पा सगळ्यात आवडतो आणि तो मी कधीच गाळत नाही.

वीज आणि उष्णता

पॉवर सप्लाय बोर्डाला १२ व्होल्ट देतो. प्रोसेसरला लागतात एकाच्या आसपास. हे रूपांतर सॉकेटभोवतीचे भाग करतात, त्यांना मिळून व्हीआरएम म्हणतात. गणित करून पाहा: १.२ व्होल्टवर २०० वॅट म्हणजे दीडशे अँपिअरहून जास्त करंट. तेवढा करंट वाहताना थोडी वीज उष्णता होऊन जाते, आणि ती उष्णता सॉकेटलगतच्या काही चौरस सेंटीमीटरमध्ये साठते.

जाहिरातीत ‘८+२’, ‘१०+२’ असे फेजचे, म्हणजे व्हीआरएम किती शाखांत विभागलं आहे त्याचे, आकडे मोठ्या अक्षरांत असतात. त्यांच्यावर थांबू नका. प्रत्येक पॉवर स्टेज (फेजमधली करंट वाहणारी चिप) किती अँपिअरची आहे ते वाचा. ६०, ८०, १०५ असे आकडे दिसतील. मोठ्या क्षमतेच्या आठ स्टेज छोट्या क्षमतेच्या दहांपेक्षा निवांत चालू शकतात. मग हीटसिंक पाहा: त्यात धातूचं वजन आहे की नुसतं वरचं झाकण, त्याला हवा जायला खाचा आहेत का.

इथे कूलरचा प्रकार आड येतो. हवा खाली फेकणारा बुटका कूलर प्रोसेसरबरोबर आजूबाजूच्या व्हीआरएमलाही वारा देतो. पाण्यावरचा कूलर लावला की रेडिएटर दूर जातो आणि सॉकेटभोवती हवा जवळजवळ थांबते. म्हणून पाण्यावरचा कूलर घेणाऱ्याने बोर्डाचा हीटसिंक जास्त काटेकोरपणे तपासावा. काही बोर्डांत व्हीआरएमवर चिमुकला पंखा असतो. तो काम करतो, पण त्याचा आवाज बारीक आणि टोकदार असतो. शांत खोलीत आवाजाचं काम करायचं असेल तर मी असा बोर्ड टाळते.

आणि प्रोसेसरला मोकाट सोडायचंच कशाला? एएमडीच्या बोर्डांत बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) इको मोड असतो. १७० वॅटचा प्रोसेसर १०५ वॅटच्या वर्गात आणला की त्याची खरी कमाल मर्यादा २३०वरून १४२ वॅटवर येते, ६५च्या वर्गात ८८वर. पहिल्या पायरीला कामाचा वेग थोडासाच उतरतो, उष्णता मात्र भरपूर उतरते. छोट्या कॅबिनेटमध्ये मी हे पहिल्या दिवशीच करते. मुळातच ६५ वॅटचा प्रोसेसर घेणार असाल, तर भारी व्हीआरएमसाठी वेगळे पैसे मोजू नका. ते रॅममध्ये घाला.

कूलर खरंच बसेल का

कॅबिनेट सांगतं की कूलरची उंची किती चालेल. बोर्ड सांगतो की त्या उंचीच्या खाली काय काय आड येईल. नॉक्टुआचा एनएच-एल९ए पंख्यासकट ३७ मिलिमीटर उंच आहे आणि सॉकेटच्या चौकटीबाहेर फारसा येत नाही, म्हणून तो जवळजवळ कुठेही बसतो. एनएच-एल१२एस ७० मिलिमीटरचा. तो जास्त थंड ठेवतो, पण त्याचा पसारा रॅमवर आणि मागच्या पोर्टांच्या आवरणावर जातो. त्यात हल्ली बऱ्याच मिनी-आयटीएक्स बोर्डांवर सॉकेटच्या खालच्या अंगाला एम.२चा (पट्टीसारख्या छोट्या ड्राइव्हच्या स्लॉटचा) दुमजली मनोरा असतो: खाली चिपसेट (पोर्ट वगैरे सांभाळणारी चिप), वर ड्राइव्ह, त्यावर हीटसिंक. तोही आडवा येऊ शकतो. कूलर बनवणाऱ्या चांगल्या कंपन्या कोणत्या बोर्डावर कोणता कूलर बसतो, याच्या याद्या देतात. अंदाजावर न जाता त्या याद्या बघा.

जुना कूलर वापरायचा असेल तर भोकं तपासा. इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटला भोकांमधलं अंतर ७८ मिलिमीटर झालं, आधीच्या घरगुती सॉकेटना ते ७५ होतं. एलजीए१८५१ने ७८च ठेवलं. एएमडीकडे जुन्या एएम४ सॉकेटचे बरेच कूलर नव्या एएम५वर चालतात, पण एएम५ची मागची प्लेट निघत नाही. स्वतःची मागची प्लेट लागणारा कूलर तिथे अडतो.

रॅम आणि ड्राइव्ह

रॅमचे स्लॉट दोनच असतात. एसरॉकने एक्स२९९ई-आयटीएक्सवर लॅपटॉपच्या रॅमचे चार स्लॉट उभे केले होते, ते बघून मी थक्क झाले होते, पण तो अपवाद. दोनच असल्यामुळे ‘नंतर वाढवू’ असं म्हणायची सोय नाही. लागणार आहे तेवढी रॅम एकदाच घ्या. डीडीआर५ या पिढीच्या रॅममध्ये ४८ जीबीच्या दोन पट्ट्या लावल्या की ९६ जीबी होतात, आणि फोर-के व्हिडिओच्या कामाला त्या छान पुरतात. दोन स्लॉटचा एक मोठा फायदाही आहे: सिग्नलची वाट आखूड आणि स्वच्छ राहते. रायझन ७००० मालिकेत दोन पट्ट्यांचा अधिकृत वेग ५२०० मेगाट्रान्सफर प्रति सेकंद, चार लावल्या की तो ३६००वर येतो. बोर्डाच्या साइटवर तपासलेल्या रॅमची यादी असते, शक्यतो त्यातलीच निवडा. पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळी राहिली तर घाबरू नका. बोर्ड रॅमशी वेग जुळवत असतो. मध्येच बंद करू नका.

एएम५च्या घरगुती प्रोसेसरकडे वापरता येतील अशा २४ पीसीआयई लेन (कार्ड आणि ड्राइव्हपर्यंतच्या डेटाच्या वाटा) असतात: साधारणपणे १६ ग्राफिक्स कार्डाला आणि चार-चार दोन ड्राइव्हना. बहुतेक बोर्डांवर एक एम.२ स्लॉट पुढे हीटसिंकखाली असतो आणि एक बोर्डाच्या पाठीवर. पाठीवरच्या स्लॉटला हवा मिळत नाही, आणि कॅबिनेटच्या ट्रेला तिथे खिडकी नसेल तर ड्राइव्ह बदलायला अख्खं मशीन उलगडावं लागतं. म्हणून सतत लिहिणारा, तापणारा ड्राइव्ह पुढे. मागे साठवणीचा ड्राइव्ह, आणि तो सुरुवातीलाच मोठा घ्या.

कार्डाचा स्लॉट एकच असल्यामुळे पाठीमागचे पोर्ट फार मोलाचे. तुमची उपकरणं मोजा आणि मग पोर्ट मोजा. एएमडीच्या एक्स८७० चिपसेटच्या बोर्डांवर यूएसबी४ हा वेगवान पोर्ट असणं बंधनकारक आहे; बाहेरच्या वेगवान ड्राइव्हवरून थेट काम करणाऱ्याला त्यासाठी थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही.

ग्राफिक्स कार्ड बोर्डाच्या मागे ठेवणाऱ्या कॅबिनेटमध्ये कार्ड स्लॉटला जोडणारी रायझर केबल लागते. केबल पीसीआयई ३.० पिढीची, बोर्ड आणि कार्ड ४.०चे, असं झालं की अनेकदा स्क्रीनवर काहीच येत नाही. बायोसमध्ये स्लॉटचा वेग हाताने ‘जेन ३’ करावा लागतो. त्यासाठी आधी काहीतरी दिसायला हवं, म्हणून प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स असलेले बरे, आणि बोर्डावर एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट हवाच.

शेवटच्या दोन बोर्डांत अडकलात, तर मी या गोष्टींवर निर्णय घेते. मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण आहे का? बोर्ड दुकानात पडून राहिलेला आणि प्रोसेसर नवा असला, तर पेन ड्राइव्हवरून, प्रोसेसर न चालवताही बायोस अद्ययावत करता येतो. पंख्यांची हेडर निदान तीन हवीत. एका हेडरवर दोन पंखे जोडायचे तर मर्यादा बघा. बहुतेक हेडर एक अँपिअरची असतात. बिघाड कुठे आहे ते दाखवणारे छोटे दिवे हवेत.

बोर्ड हातात आला की आधी त्याच्या खोक्यावरच ठेवून प्रोसेसर, कूलर, रॅम आणि एक ड्राइव्ह लावून चालू करून पाहा, आणि पाठीवरचा स्लॉटही याच वेळी तपासा. मग बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवण्यापूर्वी पाठीवरचा ड्राइव्ह पक्का करा आणि आठ पिनांची केबल जोडून घ्या. बोर्ड आत बसल्यावर त्या कोपऱ्यात हात जात नाही.