मनोरुग्णालयातून घरी नेण्याआधीची तयारी

बौद्धिक अक्षमता हा मानसिक आजार नव्हे, हे २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदाच सांगतो. आजार असलेल्यालाही निव्वळ घरचे नेत नाहीत म्हणून रुग्णालयात ठेवून घेता येत नाही, असं त्याचं कलम १९ आहे. तरीही बौद्धिक अक्षमता असलेली माणसं मनोरुग्णालयाच्या वॉर्डात वर्षानुवर्षं राहतात, याचा मला संताप येतो. त्यांतल्या कुणाला ग्रुप होममध्ये (मदतनिसांसोबत काही जण मिळून राहतात अशा घरात) किंवा बहीण-भावाकडे न्यायचं ठरलं, की तयारी वॉर्डातूनच सुरू करा.

आधी तिथल्या मावशी-मामांजवळ, म्हणजे रुग्णांची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्यांजवळ बसा. बोलता न येणाऱ्या माणसाचं दुखणं त्यांना ओळखता येतं. दाढ ठणकली की तो कानावर हात मारून घेतो, पोट साफ नसलं की ताट ढकलतो. केसपेपरवर यातलं काही नसतं. ते सगळं लिहून घ्या; कशाला घाबरतो, काय आवडीनं खातो, कुणाचं ऐकतो, तेही. नव्या जागी या खुणा कुणाला कळल्या नाहीत तर ‘फार त्रास देतो’ म्हणतात आणि माणूस परत वॉर्डात येतो. म्हणून डिस्चार्ज कार्डापेक्षा मला हा कागद मोलाचा वाटतो.

गुंगी आणणारी गोळी कशासाठी चालू आहे, अजून लागते का, हे डॉक्टरांना विचारा. आपल्या मनानं मात्र एकही बंद करू नका. फिट पाच मिनिटांहून लांबली तर कुठे न्यायचं, हे आधीच ठरवा. बद्धकोष्ठता जिवावर बेतू शकते, तिच्याकडे लक्ष हवंच.

यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), बँक खातं, निरामय विमा (दिव्यांगांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) पाहून घ्या. अठरा वर्षांवरच्या व्यक्तीला कायदेशीर पालक लागणार असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज लवकर करा. पालक नेमला तरी त्या माणसाला विचारणं सुटत नाही.

नवं घर आधी चहापुरतं दाखवा, मग जेवायला न्या, मग एक रात्र राहू द्या. तो गप्प बसला तर होकार धरू नका. जमल्यास ओळखीच्या मावशी त्या रात्री सोबत असाव्यात. कपडे दुकानात नेऊन त्यालाच निवडू द्या. वॉर्डात स्वतःचा म्हणावा असा सदराही नसतो.

निघताना महिन्याची औषधं, पुढच्या ओपीडीची तारीख आणि रात्री फोन उचलेल अशा माणसाचा नंबर जवळ हवा. तो नंबर आधी एकदा रात्रीच लावून पाहा.